रक्तातून औषध किती वेगाने निघते : गुरांच्या यकृत व मूत्रपिंड तपासणीची पार्श्वभूमी

आजारी गाईच्या यकृताची तपासणी म्हटली की रक्तातील विकर (एन्झाइम) मोजले जातात. विकर वाढले म्हणजे पेशींना इजा झाली एवढेच त्यातून समजते. उरलेले यकृत काम किती करते आहे, हे समजत नाही. ठरावीक मात्रेत एखादे औषध किंवा रंगद्रव्य शिरेतून देऊन ते रक्तातून किती वेगाने नाहीसे होते हे पाहणाऱ्या निचरा चाचण्या नेमका हाच प्रश्न विचारतात.

त्यांची सुरुवात मानवी वैद्यकात झाली. राउनट्री आणि गेराटी यांनी १९१० मध्ये फिनॉलसल्फोनथॅलीन हे रंगद्रव्य मूत्रपिंडासाठी वापरले, तर रोझेन्थाल आणि व्हाइट यांनी १९२५ मध्ये ब्रोमसल्फथॅलीन, म्हणजेच बीएसपी, यकृतासाठी वापरात आणले. दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त एखाद्या पदार्थापासून मुक्त होते, या हिशेबात मूत्रपिंडाचे काम मांडण्याची पद्धत व्हॅन स्लाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये युरियाच्या आधारे रूढ केली. पुढे १९३०च्या दशकात होमर स्मिथ प्रभृतींच्या कामातून इन्युलिन हा वनस्पतींतील कर्बोदक पदार्थ मूत्रपिंडातील गाळण मोजण्याचा मानदंड ठरला.

गुरांपर्यंत येताना मात्र हे सारे जसेच्या तसे टिकले नाही, आणि त्याचे कारण सिद्धान्तापेक्षा शरीररचनेत अधिक आहे. मूळ पद्धतीला वेळ लावून गोळा केलेले मूत्र लागते. गाईच्या मूत्रमार्गाच्या तोंडाशी खालच्या बाजूला एक आंधळी पिशवी असते आणि कॅथेटर, म्हणजे मूत्र काढण्याची नळी, मूत्राशयाऐवजी हमखास तिच्यात शिरते. ती पिशवी बोटाने झाकून नळी वरून सरकवावी लागते. वळूत तर शिश्नाच्या नागमोडी वळणामुळे नळी आत जाणे जवळपास अशक्यच. युरियाही येथे फारसा भरवशाचा नाही, कारण रवंथ करणाऱ्या जनावरात तो कोठीपोटात परत जातो आणि तेथील सूक्ष्मजीव तो वापरून टाकतात. साहजिकच मूत्राचा नाद सोडून, एकच इंजेक्शन देऊन रक्तातील घट मोजण्याकडे पशुवैद्यक वळले.

बीएसपी या वळणाला सोयीचे होते. ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून यकृतात पोहोचते, तेथे बहुतांशी ग्लुटाथायोन या पेशीतील लहान रेणूशी जोडले जाते आणि पित्तावाटे बाहेर पडते. रक्तद्रवात अल्कली मिसळताच नमुना जांभळा होतो आणि त्या रंगाची तीव्रता साध्या रंगमापकावर मोजता येते. माणसात पंचेचाळीस मिनिटांनी किती रंग उरला हे पाहत. निरोगी गाईत त्याचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील प्रमाण निम्मे होण्याचा वेळ, तीन मिनिटांच्या आसपास असल्याने तेवढ्या वेळात मोजण्याजोगे काही उरतच नाही. म्हणून पहिल्या काही मिनिटांत ओळीने नमुने घेऊन घटीचा वेग काढावा लागतो, आणि नमुन्याची वेळ थोडी जरी चुकली तरी हिशेब बिघडतो. अल्ब्युमिन कमी असेल, तर आजारी यकृतही उगीच चपळ दिसू शकते.

पुढची पायरी अँटिपायरिनची. क्नोर यांनी १८८३ मध्ये बनवलेले हे जुने तापनाशक प्रथिनांना फारसे चिकटत नाही, शरीरातील पाण्यात सर्वत्र पसरते आणि त्याचे विघटन जवळजवळ पूर्णपणे यकृतातच होते. यकृतातून एका फेरीत त्याचा थोडाच अंश निघत असल्यामुळे त्याचा निचरा रक्तप्रवाहापेक्षा विकरांच्या क्षमतेवर अवलंबून राहतो. इंडोसायनिन ग्रीन या रंगद्रव्याचे मुख्यतः उलट आहे. हा फरक विल्किन्सन आणि शँड यांनी १९७५ मध्ये सुसूत्रपणे मांडला. वासरांच्या बाबतीत तो विशेष उपयोगी पडला : जन्मतः यकृताची औषध मोडण्याची शक्ती अपुरी असते आणि पहिल्या काही आठवड्यांत ती वाढत जाते, त्यामुळे नवजात वासराला मोठ्या गुराच्या हिशेबाने मात्रा देणे धोक्याचे ठरते.

एवढे असूनही या चाचण्या गोठ्यात रुळल्या नाहीत. बीएसपी शिरेबाहेर सांडले तर ऊतींना इजा करते आणि त्याच्या प्रतिक्रियांमुळे मानवी वापरातूनही ते मागे पडले. शिवाय दुभत्या किंवा मांसासाठीच्या जनावराला टोचलेल्या प्रत्येक औषधाबरोबर दूध-मांसातील अवशेषांचा प्रश्न येतो. त्यामुळे त्यांचा वापर मुख्यतः संशोधनात, उदाहरणार्थ व्यायल्यानंतर यकृतात चरबी साचलेल्या गाईंच्या अभ्यासात, उरला आहे.