साठेखताची मुदत संपणे आणि साठेखत रद्द होणे

साठेखतात, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याच्या करारात, 'सहा महिन्यांच्या आत खरेदीखत करावे' असे कलम असते. सहा महिने उलटतात, खरेदीखत होत नाही. लिहून देणारा म्हणतो, मुदत संपली, व्यवहार मोडला, आता जागा कुणालाही विकायला मी मोकळा. लिहून घेणारा म्हणतो, विसार दिलाय, साठेखत नोंदवलेय, माझे कोण काय बिघडवणार? दोघेही चुकतात. मुदत तारीख उलटली की आपोआप संपते. करार मात्र कुणीतरी रद्द करावा लागतो, तोही कारण दाखवून.

मुदत संपल्याने नेमके काय होते, ते भारतीय करार कायदा, 1872च्या कलम 55 मध्ये आहे. ठरलेली वेळ हे कराराचे सार असेल, तर ती चुकल्यावर समोरच्याला करार रद्द करता येतो. म्हणजे त्याला तसा अधिकार मिळतो, करार तेवढ्याने रद्द होत नाही. वेळ हे सार नसेल, तर त्याला फक्त नुकसानभरपाई मागता येते. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वेळ हे सार आहे असे गृहीत धरत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चांद रानी खटल्यात (1993) सांगितले. पण कराराची भाषा, मिळकतीचे स्वरूप आणि परिस्थिती पाहून तसा निष्कर्ष काढता येतो, हेही त्याच निकालात आहे. खरेदीदार पहिला अर्धाच भाग वाचतात आणि निवांत राहतात. पुढे 1997 आणि 2011 च्या निकालांत याच न्यायालयाने जागांच्या चढत्या किमतींकडे बोट दाखवले. थोडा विसार देऊन वर्ष-दोन वर्षे गप्प बसणाऱ्या खरेदीदाराला आता जुन्या भावात मिळकत सहजी मिळत नाही.

मुदत कुणामुळे चुकली, हाही प्रश्न असतोच. बँकेचा बोजा उतरवणे, वारसनोंद लावणे, भोगवटादार वर्ग 2 च्या (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) जमिनीची परवानगी आणणे ही कामे साठेखतानुसार विक्रेत्याकडे असतील आणि ती झालीच नसतील, तर 'मुदत संपली' म्हणायला त्याला तोंड उरत नाही. मुदतीनंतर त्याने एखादा हप्ता स्वीकारला असेल, तरी वेळेची अट त्यानेच सैल केली असे धरले जाऊ शकते.

रद्द करायचेच असेल, तर विक्रेत्याने आधी वकिलामार्फत नोटीस द्यावी: तुमच्याकडून काय राहिले, बाकी रक्कम किती, अमुक तारखेला अमुक वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखतासाठी हजर राहा, अन्यथा करार रद्द समजला जाईल. दिलेली मुदत वाजवी हवी. दोन दिवसांची नोटीस कोर्टात टिकत नाही. खरेदीदार आला नाही, तर दुसरी नोटीस देऊन करार रद्द केल्याचे कळवावे. पोहोच जपून ठेवावी. फोनवर 'तुमचा व्यवहार कॅन्सल' म्हटल्याने पुढे काहीच शाबीत होत नाही.

आता खरेदीदाराची बाजू. करारपूर्तीच्या दाव्याला मुदत कायदा, 1963च्या अनुच्छेद 54 नुसार तीन वर्षे मिळतात, आणि ती साठेखताच्या तारखेपासून मोजत नाहीत. करारात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर विक्रेत्याचा नकार कळल्यापासून. समजा साठेखत 1 जून 2023 चे आहे आणि खरेदीखत 30 नोव्हेंबर 2023 पर्यंत करायचे ठरले. दावा 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत दाखल व्हायला हवा. मधल्या काळात दहा नोटिसा धाडल्या तरी ही तारीख पुढे सरकत नाही. दोघांच्या सह्यांचा मुदतवाढीचा लेख केला, तर मात्र नव्या तारखेपासून मोजणी होते.

तीन वर्षांत दावा लावला म्हणजे तो जिंकला असेही नाही. आपण पूर्ण काळ तयार आणि राजी होतो, हे विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 16 प्रमाणे खरेदीदाराने दाखवायचे असते. बँक स्टेटमेंट, कर्जमंजुरीचे पत्र, विक्रेत्याला पाठवलेला खरेदीखताचा मसुदा, ठरल्या दिवशी निबंधक कार्यालयात गेल्याचा पुरावा अशी कागदपत्रे इथे उपयोगी पडतात. विक्रेत्याने रद्दची नोटीस दिली असेल, तर ती बेकायदा ठरवून मागणारी प्रार्थनाही दाव्यात टाकावी. ती नसल्यामुळे दावे फेटाळले गेले आहेत.

विसाराचे पैसे हा वेगळाच गुंता. साठ लाखांच्या व्यवहारात सहा लाख विसार आणि नंतर वीस लाख हप्त्याने दिले असतील, तर जप्तीचा, म्हणजे विक्रेत्याने पैसे ठेवून घेण्याचा, प्रश्न त्या सहा लाखांपुरताच येतो. वीस लाख ही किमतीपोटी दिलेली रक्कम आहे. सहा लाखही सरसकट बुडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या कैलाश नाथ निकालानुसार करार कायद्याच्या कलम 74 खाली जप्तीसाठी मुळात काही नुकसान व्हावे लागते. खरेदीदाराने दाव्यात पर्यायी मागणी म्हणून पैसे परत मागावेत, कारण न मागितलेली रक्कम कोर्ट आपणहून देत नाही. (बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटला रेरा लागू असेल, तर परताव्याचे नियम निराळे आहेत.)

विक्रेत्याची खरी अडचण पुढेच येते. साठेखत नोंदणीकृत असेल तर तीन वर्षे उलटून गेली तरी ते सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या मिळकतवार सूचीत (इंडेक्स टू), दिसत राहते. नव्या खरेदीदाराचा वकील सर्च रिपोर्टमध्ये ते काढतो, बँक कर्ज अडवते. दोघांच्या सह्यांचा रद्दलेख नोंदवणे हा सरळ मार्ग. पहिला खरेदीदार सही देत नसेल तर दिवाणी न्यायालय. घाईत तिसऱ्याला विकले, तर त्या तिसऱ्याला 'मला ठाऊक नव्हते' हा बचावही उरत नाही, कारण नोंदणी हीच कायद्याने सूचना मानली जाते. साठेखत नोंदवलेले नसेल तर खरेदीदाराने दावा लावताच महाराष्ट्रात लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी. इथल्या दुरुस्तीनुसार त्या नोंदणीशिवाय दावा चालू असताना झालेल्या विक्रीवर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 चे बंधन लागू होत नाही.