सांबऱ्याचं विमान आणि तंबोऱ्याची जोडी

परवा बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरूला निघालो होतो. शेजारच्या सीटवर टिळकवाडीतले एक काका, मांडीवर कुंद्याचा डबा. मी फोन बाहेर काढल्याबरोबर म्हणाले, "बंद करा की तो! पायलटला टॉवरचं ऐकू यायचं नाही."

काकांचं अगदीच चूक नाही. टूजी फोनचा सिग्नल सेकंदाला 217 वेळा तुटक तुटक जातो. असा फोन स्पीकरजवळ ठेवला की 'टर्र टट्टर' वाजायचं, आठवतंय? तीच टरटर पायलटच्या हेडफोनमध्येही येऊ शकते. कटकट खरी, पण तेवढ्याने विमान पडत नाही. (5G मुळे कोरोना पसरतो म्हणणाऱ्यांनी 2021 मध्ये दूरसंचार खात्याला खुलासा काढायला लावला होता. त्या पंथाशी मी वाद घालत नाही.)

पायलटला खरी धास्ती असते ती दोघांनी एकदम रेडिओवर बोलायचं बटण दाबण्याची. एका परिसरातली सगळी विमानं एकाच चॅनेलवर असतात. एक बोलेल तेव्हा बाकीच्यांनी गप्प बसायचं. बोलणाऱ्यालाही तेवढा वेळ काही ऐकू येत नाही. शिवाय या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे जितकं उंच तितकं लांब पोचतं. बेळगाववरून 35,000 फुटांवर जाणाऱ्या विमानाचा आवाज हिशेबाने सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे थेट मुंबईपर्यंत जाऊ शकतो. गर्दी होणारच.

हे बोलणं चालतं 118 ते 137 मेगाहर्ट्झवर, आपल्या एफएम स्टेशनांच्या थोडं वर. गंमत म्हणजे पट्टा एफएमच्या शेजारचा, पण पद्धत आजही जुन्या रेडिओची, एएमची. एवढी खरखर सोसून एएम का?

त्यासाठी तंबोरा जुळवताना ऐकावं. जोडीच्या दोन तारा जवळजवळ सारख्या लागल्या, पण पुरत्या नाहीत, की आवाज 'वाँव... वाँव' असा डोलायला लागतो. एक तार सेकंदाला 130 वेळा आणि दुसरी 131 वेळा थरथरत असेल, तर हे डोलणं सेकंदाला बरोबर एकदा होतं. शाळेच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणायचे. पहिल्या तारेची खुंटी अजून ढिली करावी, फरक वाढतो आणि डोलणं जलद होतं. असं डोलणं सेकंदाला शेकडो वेळा झालं, तर ते डोलणं न वाटता सूरच वाटेल.

विमानांच्या रेडिओत नेमकं हेच होतं. दोघंही 120 मेगाहर्ट्झवर बोलतायत म्हणा. पण कुठल्याच यंत्राचा सूर तंतोतंत लागलेला नसतो. दहा लाखांत पाचाची चूक धरली तरी फरक 600 हर्ट्झ. एएमचा रिसीव्हर फक्त लहरीची उंची मोजतो, आणि दोन वाहक लहरी (ज्यांच्यावर स्वार होऊन आवाज जातो त्या) एकमेकींत मिसळल्या की ती उंची सेकंदाला 600 वेळा वरखाली होते. कानात शिट्टी! बोलणं कळत नाही, पण कुणीतरी दोघं एकमेकांवर बोलले हे ऐकणाऱ्या तिसऱ्याला लगेच कळतं. (एकाच चॅनेलसाठी जमिनीवर दोन मनोरे लावायचे असतील तर मुद्दाम एक 5 किलोहर्ट्झ वर आणि दुसरा 5 खाली ठेवतात. फरक 10 किलोहर्ट्झचा होतो, शिट्टी बोलण्याच्या पट्टीबाहेर जाते आणि फिल्टर तिला गाळून टाकतो. डोक्यावरून गेलं तर सोडून द्या, मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

एफएमचा कारभार वेगळा, बळी तो कान पिळी. समजा निपाणीजवळ हायवेवर एकाच आकड्यावर इकडून कन्नड आणि तिकडून मराठी स्टेशन येतंय. रेडिओ दोन्हींची खिचडी करत नाही. जे थोडं जोरात तेच धरतो आणि दुसऱ्याला पार गिळून टाकतो. सीमाप्रश्नाचा हा निकाल गाणी ऐकायला सोयीचा आहे. विमानात मात्र 'मी अजून धावपट्टीवरच आहे' हे वाक्य असं गिळलं गेलं तर कुणाला पत्ताही लागणार नाही.

पण शिट्टी वाजली म्हणजे वाचलो असंही नाही. 27 मार्च 1977, स्पेनच्या तेनेरिफे बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. केएलएम या डच कंपनीचं जम्बो विमान उड्डाणासाठी धावायला लागलं होतं. टॉवरने त्याला थांबायला सांगितलं आणि त्याच क्षणी त्याच धावपट्टीवर पुढे असलेल्या दुसऱ्या जम्बोचा, म्हणजे पॅन अ‍ॅमचा पायलट आपण अजून धावपट्टीवरच असल्याचं बोलला. दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये तीनचार सेकंद कर्कश शिट्टी ऐकू आली. तिचा अर्थ विचारायला कुणी थांबलं नाही. दोन्ही विमानं धडकली, 583 माणसं गेली.

त्यानंतर बोलण्याचे नियम बदलले. 'टेक-ऑफ' हा शब्द आता फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरतात. एरवी त्या जागी 'डिपार्चर' म्हणायचं. दोन बोलणी आदळलेली ऐकू आली, की ऐकणारा तिसरा पायलट चॅनेलवर एवढंच म्हणतो: "ब्लॉक्ड."