मराठी मजकुराची दुरुस्ती आणि कळफलकाचे शॉर्टकट

नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या परिसरात अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाइप करून देणाऱ्यांच्या हातून ‘तालुका त्र्यंबकेश्वर’ हे शब्द सतत जात असतात. घाईत ‘त्रंबकेश्वर’ असे उमटले, तर पुष्कळदा सगळा शब्द खोडून तो नव्याने लिहिला जातो. वास्तविक तशी गरज नसते. मात्र त्यासाठी कोणती कळ नेमके काय मोजते, हे ठाऊक असावे लागते.

‘त्र्यंबकेश्वर’ हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो: त्र्यं, ब, के, श्व, र. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, मात्र त्याची १३ चिन्हे साठवलेली असतात, कारण प्रत्येक हलन्त, मात्रा आणि अनुस्वार यांना स्वतंत्र संकेतांक आहे. बहुतेक प्रोग्रामांत बाणाची कळ अख्खे अक्षर ओलांडते, तर बॅकस्पेस एकेक चिन्ह पुसते. शब्दाच्या शेवटी बॅकस्पेस दोनदा दाबली की आधी ‘र’ जातो, मग ‘व’, आणि पाय मोडलेला ‘श्’ उरतो. ही रचना मला अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते: जे एकेक कळ दाबून लिहिले, ते तसेच मागे घेता यावे, एका चुकीच्या मात्रेपायी सगळे जोडाक्षर गमवावे लागू नये. डिलीटची कळ याउलट बहुधा पुढचे संपूर्ण अक्षर उडवते.

आता ती चूक सुधारू. कर्सर शब्दाच्या शेवटी असताना कंट्रोल धरून डावा बाण दाबला की तो थेट शब्दाच्या आरंभी जातो. उजव्या बाणाने ‘त्रं’ ओलांडून एकदा बॅकस्पेस दाबली की फक्त अनुस्वार पुसला जातो. मग हलन्त, ‘य’ आणि अनुस्वार लिहिला की काम झाले. संपूर्ण शब्दच नको असेल, तर शेवटी जाऊन कंट्रोलसह एकच बॅकस्पेस पुरते. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही धरून बाण दाबला, तर शब्दन्‌शब्द निवडला जातो.

कापणे आणि चिकटवणे ही कल्पना संगणकावर रुजवली ती लॅरी टेसलर आणि टिम मॉट यांनी, १९७०च्या दशकात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात. पुढे १९८३ साली आलेल्या ॲपलच्या लिसा संगणकावर केलेला बदल मागे घेण्यासाठी झेड, कापण्यासाठी एक्स, नक्कल करण्यासाठी सी आणि चिकटवण्यासाठी व्ही या खालच्या ओळीतील शेजारशेजारच्या कळा वापरल्या गेल्या. डाव्या हाताने त्या सहज दाबता येतात आणि उजवा हात माउसवरच राहू शकतो.

इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकावर एक्स, सी आणि व्ही यांच्या जागी अनुस्वार, ‘म’ आणि ‘न’ असतात. तरीही विंडोजमध्ये कंट्रोलसह ‘म’ची कळ दाबली की मजकुराची नक्कलच होते, कारण कंट्रोल धरलेला असताना प्रोग्राम कोणते अक्षर उमटणार हे न पाहता कोणती कळ दाबली गेली हे पाहतो. त्यामुळे शॉर्टकट वापरण्यासाठी इंग्रजी कळफलकावर जाण्याची आवश्यकता पडत नाही.