नाकावरचा मास्क, गळ्यातला मास्क

मिरजेत सतार किंवा तंबोरा घडताना करवत, पटाशी आणि कानस यांचं काम आधी होतं, पॉलिश पेपरचं शेवटी. आधीच्या कामात पायाशी ढलपे आणि भुसा पडतो. तो दिसतो, झाडून गोळा होतो, हिवाळ्यात बंबात जातो. शेवटच्या कामात मात्र लाकडाचं आणि वाळलेल्या भोपळ्याचं पीठ उडतं. त्यातलं जड तेवढं खाली बसतं, बाकीचं हवेत राहतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या निमित्ताने वाद्याच्या नादाबद्दल भरपूर लिहून आलं. ते वाद्य घासणाऱ्याच्या नाकाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. सांगली-मिरज रस्त्यावर फर्निचर करणारे मिस्त्री किंवा फ्लॅटच्या बाल्कनीत हौसेने कपाट बनवणारे नोकरदार यांचीही गोष्ट निराळी नाही. उलट त्यांच्याकडे सँडर (घासायचं मशीन) आणि राउटर (लाकडात खाच पाडायचं मशीन) असतो, त्यामुळे पीठ जास्त उडतं आणि ते अधिक बारीक असतं.

कण किती बारीक आहे, यावर तो हवेत किती वेळ राहणार हे ठरतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १०० मायक्रॉनचा कण उभ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर या वेगाने उतरतो, म्हणजे दीड मीटर खाली यायला त्याला आठेक मिनिटं लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर कापायला सुमारे १२ तासांचा वेळ लागतो, तोही खोलीतली हवा अगदी स्तब्ध असेल तर. पंखा चालू असला तर त्याच्या खाली बसण्याचा हिशेबच सोडून द्यावा लागतो. मशीन बंद झालं, आवाज थांबला की हात आपोआप मास्ककडे जातो. पण श्वासात जाण्याजोगी धूळ त्या वेळी जवळपास सगळीच्या सगळी हवेत असते. चहा आला म्हणून मास्क गळ्यात ओढायचा असेल तर तो त्या खोलीच्या बाहेर जाऊन ओढावा.

मोठे कण नाकातच अडतात. सुमारे १० मायक्रॉनच्या आतले कण घशाच्या पुढे उतरतात आणि ४ मायक्रॉनच्या आतले फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचू शकतात. पण लाकडाच्या बाबतीत नाकात अडलेली धूळही निर्धोक नसते. इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध गाव. एरवी फार दुर्मीळ असलेला नाकाच्या पोकळीचा एक कर्करोग तिथल्या फर्निचर कामगारांमध्ये वरचेवर दिसतो, हे १९६०च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या ध्यानात आलं. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली. माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या गोष्टी या गटात असतात. हा धोका वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्याला असतो, रविवारी एक पाट घासणाऱ्याने घाबरून जाऊ नये. मात्र लाकूड नैसर्गिक आहे, त्याची धूळ काय करणार, ही समजूत सोडून द्यायला हवी. शिसवात आणि सागात असलेली काही रसायनं तर कातडीला खाज आणि पुरळ आणतात, हे बऱ्याच मिस्त्रींना अनुभवाने ठाऊक असतं.

किती धूळ म्हणजे जास्त? युरोपीय संघाने रुंद पानांच्या झाडांच्या लाकडासाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा २ मिलिग्रॅम प्रति घनमीटर अशी ठेवली आहे. साग, शिसव, तून ही सगळी याच वर्गात येतात. १० बाय १२ फुटांची आणि १० फूट उंचीची खोली धरली तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. म्हणजे अख्ख्या खोलीत मिळून ६८ मिलिग्रॅम. पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीतल्या औषधाचा हा जेमतेम सातवा भाग. एवढं पीठ सँडर सुरू केल्यावर किती लवकर उडतं, ते ज्याने सँडर चालवला आहे त्याला सांगावं लागत नाही.

तेव्हा मास्क लागतो. आणि इथे आरामाचा मुद्दा येतो, जो दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही शेवटी विचारतात किंवा विचारतच नाहीत. एक हिशेब करून पाहू. दिवसभरात मास्क न लावता १०० भाग धूळ आत जाते असं धरा. एक मास्क ९५ टक्के धूळ अडवतो, पण तो इतका जाचतो की निम्मा दिवस गळ्यातच राहतो. तर आत जाणारी धूळ होते साडेबावन्न भाग. दुसरा मास्क फक्त ८० टक्के अडवतो, पण दिवसभर नाकावर राहतो. तेव्हा आत जातात २० भाग. आता पहिलाच मास्क आठ तासांपैकी साडेसात तास इमानेइतबारे लावला आणि अर्धाच तास काढला, तर एकूण ११ भाग आत जातात. त्यातले सहाहून अधिक त्या अर्ध्या तासातले असतात. उरलेल्या साडेसात तासांत मिळून जेवढी धूळ गेली, त्याहून जास्त त्या अर्ध्या तासात गेली. माझ्या मते मास्क निवडताना पाकिटावरच्या टक्क्यांच्या आधी हा हिशेब मनात असावा.

मास्क नकोसा का होतो, हे मोजता येतं. पहिली गोष्ट म्हणजे श्वासाला होणारा अडथळा. अमेरिकी एन-९५ मास्कच्या चाचणीत मिनिटाला ८५ लिटर हवा ओढताना दाबातला फरक पाण्याच्या ३५ मिलिमीटर उंचीच्या स्तंभापेक्षा जास्त असून चालत नाही. बसल्या जागी माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, घाम काढणाऱ्या कामात हा आकडा ३० ते ४० लिटरवर जातो. ८५ हा आकडा तरीही मोठा नाही, कारण श्वास सलग नसतो. आत ओढण्याच्या क्षणी प्रवाह सरासरीच्या साधारण तिप्पट होतो. मात्र गाळणाऱ्या कापडाचं क्षेत्रफळ दुप्पट केलं की त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग निम्मा होतो आणि अडथळाही जवळपास निम्मा होतो. म्हणून नाकातोंडाला चिकटून बसणाऱ्या छोट्या मास्कपेक्षा फुगीर, घडी उघडून पुढे येणारा मास्क सोपा जातो. दोन बाजूंना गाळणीच्या मोठ्या चकत्या असलेल्या, नाक-तोंड झाकणाऱ्या रबरी हाफ मास्कचं गुपितही हेच.

दुसरी गोष्ट उष्णता आणि दमटपणा. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये मास्कच्या आत नाकाखाली घामाचं तळं साचतं. यावरचा साधा उपाय म्हणजे समोर झडप असलेला मास्क. श्वास सोडताना झडप उघडते, गरम दमट हवा थेट बाहेर जाते. श्वास घेताना ती मिटते आणि हवा कापडातूनच आत येते. पण झडपेचं नाव आपल्याकडे उगाच खराब झालं आहे. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने झडपवाले मास्क वापरू नका असं राज्यांना कळवलं होतं आणि लोकांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. ती सूचना साथीपुरती होती, कारण झडपेतून बाहेर जाणारा श्वास गाळला जात नाही आणि समोरच्याला संसर्ग होऊ शकतो. सुताराच्या श्वासातून लाकडाची धूळ थोडीच बाहेर पडते! इथे झडप असणं चांगलं, आणि उन्हाळ्यात तर हवंच.

तिसरी गोष्ट म्हणजे जाच. कानामागे दोऱ्या असलेला मास्क घालायला सोपा, पण सगळा ताण कानांवर येतो, तासाभरात कान दुखतात, मग माणूस दोऱ्या सैल करतो आणि कडेने फट पडते. डोक्यामागून दोन पट्टे जाणारा मास्क, एक पट्टा टाळूच्या मागे आणि एक मानेवर, घालायला कटकटीचा पण दिवसभर राहायला बरा. नाकावरच्या पट्टीच्या आतून स्पंजची गादी आहे का, हेही पाहावं. चष्मेवाल्यांना एक फुकटची चाचणी मिळते: काचेवर वाफ धरली की नाकापाशी फट आहे, हे नक्की. बाकीच्यांनी मास्क घालून त्यावर दोन्ही तळवे ठेवावेत, जोराने श्वास सोडावा, आणि डोळ्यांकडे किंवा गालांवर हवा लागते का ते बघावं. मास्क झडपेचा असेल तर श्वास जोराने आत ओढून पाहावा. मास्क चेहऱ्याकडे थोडा ओढला गेला पाहिजे.

फट इतकी महत्त्वाची का, हे कापडाचं काम समजलं की कळतं. चांगल्या मास्कचा मधला थर पॉलिप्रॉपिलीनच्या अतिशय बारीक तंतूंचा असतो. तंतूंमधल्या मोकळ्या जागा बहुतेक कणांपेक्षा मोठ्याच असतात, तरी कण अडतात. मोठा कण हवेबरोबर वळण घेऊ शकत नाही, तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो. अगदी बारीक कण हवेतल्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भटकतो आणि भटकता भटकता तंतूला चिकटतो. मधल्या आकाराचे, सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण या दोन्हींतून निसटण्यात हुशार, म्हणून मास्कची परीक्षा त्यांच्यावर घेतात. शिवाय तंतूंवर कायमचा विद्युतभार दिलेला असतो, तो जवळून जाणाऱ्या कणाला ओढून घेतो. याच भारामुळे कापड पातळ ठेवूनही गाळण चांगली होते आणि श्वास हलका राहतो. हवा मात्र सोप्या वाटेने जाते. कडेला फट असली की कापड कितीही उत्तम असलं तरी बरीचशी हवा त्याला टाळूनच आत येते.

सुती रुमालात यातलं काहीच नसतं. दुमडून बांधला तर जाड भुसा अडतो, पीठ जातं. ओला करून बांधला तर श्वास जड होतो आणि हवा कडेने घुसते. हार्डवेअरच्या दुकानात एका रबराचा जो पातळ पांढरा मास्क मिळतो, त्यावर कसलाच आकडा छापलेला नसेल तर तोही रुमालाचाच भाऊ. पाकिटावर आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक शोधावा, त्यापुढे एफएफपी-१, २ किंवा ३ अशी पायरी असते. पहिली निदान ८० टक्के धूळ अडवते, दुसरी ९४, तिसरी त्याहूनही जास्त. हाताने पेपर मारणाऱ्याला दुसरी पायरी झडपेसह पुरते. रोज सँडर, राउटर चालवणाऱ्याने, विशेषतः एमडीएफवर (लाकडाचे बारीक तंतू डिंकाने दाबून केलेल्या फळीवर) काम असेल तर, तिसरी घ्यावी किंवा सरळ रबरी हाफ मास्क घ्यावा.

रबरी मास्क पहिल्यांदा महाग वाटतो, दिसायलाही अंगावर येतो. पण त्याचा मऊ सिलिकॉनचा काठ चेहऱ्याला नीट बसतो, आकार लहान-मध्यम-मोठा मिळतो, चकत्या तेवढ्या बदलायच्या. रोजचं काम असेल तर माझं मत याच्या बाजूने. त्याचा एक मोठा तोटा आहे, त्यात बोललेलं समोरच्याला कळत नाही. आणि आपल्या कारखान्यांत मास्क खाली येतो त्याची खरी कारणं श्वासाइतकीच फोन, गप्पा आणि तंबाखूची चिमूट ही असतात, त्यावर कुठलीच कंपनी झडप बसवू शकत नाही.

दाढीवाल्यांना हे दोन्ही प्रकार दगा देतात. काठाखाली केस आले की बंदिस्तपणा गेला. मिशी मास्कच्या आत मावत असेल तर चालते, दाढी नाही. दाढी काढायची नसेल तर बॅटरीवरच्या पंख्याने गाळलेली हवा चेहऱ्यावर सोडणारं शिरस्त्राण मिळतं. त्यात श्वास ओढावाच लागत नाही आणि वारा लागतो, पण किंमत पाहून बहुतेक लोक दाढीचा पुनर्विचार करतात.

मुळात मास्कवरचा भार कमी करणं आपल्या हातात आहे. सँडरला व्हॅक्यूम जोडला तर बहुतेक पीठ उडण्याआधीच पिशवीत जातं. पंखा पाठीमागे ठेवून काम करायची सवय मात्र वाईट. पाठीवरून आलेला वारा अंगाच्या पुढे भोवरे करतो आणि समोरची धूळ तोंडाकडे आणतो. पंखा बाजूला, दाराकडे वारा जाईल असा ठेवावा. संध्याकाळी झाडू मारताना दिवसभर खाली बसलेलं पीठ पुन्हा उठतं, तेव्हाही मास्क नाकावरच हवा.

पॉलिशच्या दिवशी हा मास्क चालत नाही. चपड्याच्या पॉलिशमधल्या स्पिरिटची किंवा थिनरची वाफ हे कण नाहीत, ती तंतूंमधून सहज जाते. त्यासाठी सक्रिय कोळसा भरलेली डबी लागते, ती रबरी हाफ मास्कला चकतीच्या जागी बसते. वास आला म्हणजे डबी संपली किंवा मास्क नीट बसलेला नाही.

साधा मास्क धुऊ नये. साबणाने आणि स्पिरिटने तंतूंवरचा विद्युतभार जातो, मास्क दिसतो तसाच राहतो, अडवणं मात्र कमी होतं. धुळीने भरत गेलेला मास्क कण अडवण्यात मागे पडत नाही, पण श्वास जड होत जातो. तसं झालं, आतून ओला राहू लागला किंवा पट्टे ढिले पडले की टाकून द्यावा. काम संपल्यावर मास्क शेडमधल्या खिळ्याला टांगू नये, रात्रभर उतरणारं पीठ त्याच्या आतल्या अंगावर बसतं. झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि तो डबा शेडच्या बाहेर ठेवावा.