सुरक्षा-तक्रार (अणुवीज केंद्रातली)

अणुवीज केंद्रात काम करणारा माणूस, मग तो कंपनीचा असो की ठेकेदाराचा, "इथे काहीतरी चुकतंय" असं साहेबाला किंवा थेट नियामकाला सांगतो, तिथून पुढचा सगळा प्रवास या नोंदीत आहे. भर अमेरिकेवर आहे, कारण तिथले नियम, कोर्टाचे निकाल आणि दंडाचे आदेश सगळं उघड छापलेलं आहे. तिथला नियामक म्हणजे न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन, खाली नुसतं एनआरसी म्हटलंय.

ही व्यवस्था नेमकी कधी सुरू झाली यावर मतं वेगळी आहेत. काहीजण १९७३ धरतात. एनआरसी तेव्हा जन्मलंही नव्हतं (ते १९७५ चं), पण त्याच्या आधीच्या अणुऊर्जा आयोगाच्या नियमांत कामगाराला इन्स्पेक्टरशी एकट्याने बोलायची, लेखी तपासणी मागायची मुभा आली होती. दुसरे लोक १९७८ म्हणतात. मिझुरीतल्या कॅलवे केंद्राचं बांधकाम चालू असताना एका लोखंडकाम करणाऱ्या कामगाराने एनआरसीला दोष सांगितले आणि त्याची नोकरी गेली, एनआरसी चौकशीला गेलं तर कंपनी म्हणे नोकरीवरून काढणं हा तुमचा विषयच नाही, आणि ते भांडण चालू असतानाच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९७४ च्या ऊर्जा पुनर्रचना कायद्यात (ज्यातून एनआरसी निघालं) कलम २१० घातलं. १९७८ जास्त पटतं. १९७३ च्या नियमात सूड घ्यायला मनाई होती खरी, पण गेलेली नोकरी आणि बुडालेला पगार परत मिळवायचा रस्ता कलम २१० ने दिला, तोही एनआरसीकडून नाही तर कामगार खात्याकडून.

त्यामुळे एका तक्रारीच्या दोन फायली होतात. पाइप, पंप, वेल्डिंग खरंच खराब आहे का ते एनआरसी बघतं, तक्रार करणाऱ्याला त्रास दिला का ते कामगार खातं बघतं. सूडाबद्दल एनआरसी कंपनीला दंड करू शकतं, पण त्या माणसाला परत कामावर घ्यायला लावणं त्याच्या हातात नाही. बाहेरच्या माणसाचा गोंधळ इथेच होतो.

मग वाद निघाला की फक्त साहेबाला सांगितलं, एनआरसीकडे गेलाच नाही, तर संरक्षण आहे का? हा प्रश्न कागदी वाटतो पण यातले बरेच लोक क्वालिटी कंट्रोलचे इन्स्पेक्टर होते, दोष लिहून वर देणं हेच त्यांचं रोजचं काम. अमेरिकेतली केंद्रीय अपील कोर्टं विभागवार असतात, त्या विभागाला सर्किट म्हणतात. १९८४ मध्ये नवव्या सर्किटच्या कोर्टाने मॅकोविआक खटल्यात सांगितलं की आहे, आणि त्याच वर्षी पाचव्या सर्किटने ब्राउन अँड रूट खटल्यात सांगितलं की नाही, म्हणजे एकच माणूस वॉशिंग्टन राज्यात सुरक्षित आणि टेक्ससमध्ये उघड्यावर. पुढच्या वर्षी दहावं सर्किट नवव्याच्या बाजूला गेलं. शेवटी १९९२ च्या दुरुस्तीने आतल्या आत केलेली तक्रारही धरली, कामगार खात्याकडे तक्रार करायची मुदत ३० दिवसांवरून १८० केली आणि कलमाचा नंबर २११ झाला. जुन्या लिखाणात २१० आणि नव्यात २११ दिसलं तर गोष्ट एकच.

रोजच्या व्यवहाराबद्दल थोडक्यात. कामगारांच्या येण्याजाण्याच्या जागी "फॉर्म ३" नावाची नोटीस चिकटवावी लागते, त्यावर हक्क आणि एनआरसीचे फोन नंबर असतात. प्रत्येक चालू केंद्रात एनआरसीचे निवासी इन्स्पेक्टरही असतात. तक्रार आली की ती खरी ठरायच्या आधीपासूनच नोंदवली जाते, तक्रारदाराला पोच जाते आणि एनआरसीच्याच रिव्ह्यू बोर्डापुढे ती ठेवली जाते. टीका होते ती पुढच्या पायरीवर, कारण बऱ्याच तक्रारी माहिती मागवायला कंपनीकडेच पाठवतात. नाव झाकतात, पण छोट्या गँगमध्ये ते काम कोणी बघितलं होतं हे सगळ्यांना ठाऊकच असतं.

सगळ्यात गाजलं ते कनेटिकटमधलं मिलस्टोन. इंधन बदलताना साधारण एक तृतीयांश इंधन बाहेर काढायचं, तिथे अख्खा कोअर, म्हणजे अणुभट्टीतलं सगळंच इंधन, वापरलेलं इंधन ठेवायच्या पाण्याच्या पूलमध्ये टाकत होते आणि तोही ठरलेले २५० तास थंड व्हायची वाट न बघता. जॉर्ज गॅलाटिस या इंजिनिअरच्या हे १९९२ मध्ये लक्षात आलं, तो आधी कंपनीत बोलला, मग एनआरसीकडे गेला, १९९५ मध्ये तिथे कारवाईसाठी रीतसर अर्ज केला, आणि मार्च १९९६ मध्ये टाइम मासिकाच्या कव्हरवर आला. तो मार्च संपेपर्यंत तिन्ही युनिटं बंद पडली होती. ऑक्टोबर १९९६ मध्ये एनआरसीने आदेश काढला की कर्मचाऱ्यांच्या तक्रारी कंपनी नीट हाताळते का हे बाहेरच्या त्रयस्थाने बघायचं, युनिटं चालू करायचा मुद्दाही त्याला बांधला. मशीनऐवजी ऑफिसातल्या वातावरणावर परवाना अडवणं हे त्या मानाने नवीनच होतं. डिसेंबर १९९७ मध्ये २१ लाख डॉलर दंड लागला. तिसरं युनिट १९९८ मध्ये चालू झालं, दुसरं १९९९ मध्ये, पहिलं कायमचं बंद.

भारतात अणुऊर्जा नियामक परिषद १९८३ ची, अणुकेंद्रांत फॅक्टरी कायद्याची अंमलबजावणीही तिच्याकडे होती. तारापूरची पहिली दोन युनिटं मिलस्टोनच्या पहिल्या युनिटासारखीच जनरल इलेक्ट्रिकची, उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीची. पण एकेका तक्रारीचं पुढे काय झालं ते इथे असं छापून येत नाही. २००९ मध्ये कैगाला पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) मिसळलेलं निघालं, तेही कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीतून कळलं.