कुली
कुली : ओझी वाहणाऱ्या किंवा अंगमेहनतीची कामे करणाऱ्या रोजंदारी मजुरासाठी इंग्रजीत रूढ झालेला शब्द. इंग्रजी लेखनात तो सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आढळतो. त्याआधीच तो पोर्तुगिजांच्या वापरात असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

शब्दाच्या मूळाविषयी एकमत नाही. पहिल्या मतानुसार गुजरात व कोकण किनाऱ्यावरील कोळी या जातिनामापासून तो बनला. १८८६ मध्ये यूल व बर्नेल यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाचा कल याच मताकडे असून पुढील अनेक इंग्रजी कोशांनी त्याचीच री ओढली आहे. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज कागदपत्रांत वसईच्या नदीत मासेमारी करणाऱ्या कोळ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या कराचा उल्लेख आहे; मात्र तेथे कोळी हे मच्छीमार म्हणून येतात, हमाल म्हणून नव्हे, आणि ही बाब या व्युत्पत्तीच्या विरोधात जाते. दुसरे मत तमिळमधील ‘कूली’ या शब्दाकडे बोट दाखवते. त्याचा अर्थ मजुरी, म्हणजे कामाचा मोबदला, असा असून इतर द्राविड भाषांतही तो आढळतो. तमिळमध्ये मजुराला नुसते ‘कूली’ न म्हणता ‘कूलियाळ’ किंवा ‘कूलिक्कारन’ म्हणतात, हा यावरील मुख्य आक्षेप होय. तथापि परकीय व्यापाऱ्यांच्या तोंडी मोबदल्याचे नाव तो घेणाऱ्या माणसाला चिकटणे अशक्य नाही. शिवाय इंग्रजी उच्चारातील दीर्घ ऊकार व साधा लकार कोळीपेक्षा तमिळ शब्दाशी अधिक जुळतात. पश्चिम किनाऱ्यावरील जातिनाम व दक्षिणेकडील मजुरीवाचक शब्द युरोपियांच्या व्यवहारात एकमेकांत मिसळले असावेत, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. तुर्की ‘कुल’ (गुलाम) या शब्दाशी, म्हणजेच गोवळकोंड्याच्या सुलतानांच्या नावांतील ‘कुली’शी, जोडला जाणारा संबंध मात्र केवळ ध्वनिसाम्यावर आधारलेला दिसतो. चिनी भाषेतील ‘खू-ली’ (कष्टाचे बळ) हे मूळ नसून त्याच शब्दाचे अर्थवाही लिप्यंतर असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात.

एकोणिसाव्या शतकात शब्दाची व्याप्ती बदलली. गुलामगिरी बंद झाल्यावर ब्रिटिश वसाहतींत करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले : मॉरिशसला १८३४ पासून, ब्रिटिश गियानात १८३८ पासून, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत १८६० पासून व फिजीत १८७९ पासून. मॉरिशसला सुमारे पाच लाख भारतीय मजूर गेले. मुंबई बंदरातून गेलेल्या कोकणातील मराठी भाषकांचाही त्यांत समावेश होता. पोर्ट लुईस येथील त्यांचे उतरण्याचे ठिकाण ‘कुली घाट’ म्हणून ओळखले जाई. आता ‘आप्रवासी घाट’ या नावाने ते २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. क्यूबा व पेरू येथे नेलेल्या चिनी मजुरांनाही हाच शब्द लावला गेला.

या काळात व्यवसायवाचक शब्दाला वंशवाचक हिणवणुकीचा अर्थ आला. दक्षिण आफ्रिकेत तो मजूर, व्यापारी, वकील अशा सर्वच भारतीयांना लावला जाई. महात्मा गांधींना तेथे ‘कुली बॅरिस्टर’ म्हटले जात असे. दक्षिण आफ्रिका व कॅरिबियन प्रदेशांत हा शब्द आजही अपमानकारक समजला जातो.

मराठीत ओझी वाहणाऱ्यास सामान्यतः ‘हमाल’ म्हणतात. ‘कुली’ हा शब्द मुख्यत्वे रेल्वे स्थानकांवरील परवानाधारक हमालांपुरता वापरला जातो. २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी ‘सहायक’ हे नाव जाहीर करण्यात आले.