काळोख नेमका कुठला?

जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ (काळोखाचं हृदय) या कादंबरीतला काळोख म्हणजे आफ्रिकेचं जंगल, असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. शीर्षकावरून तसं वाटणं साहजिकच आहे. पण १८९९ सालची ही छोटी कादंबरी स्वतः उघडून पाहा.

सुरुवात आफ्रिकेत होतच नाही. इंग्लंडमधल्या थेम्स नदीच्या मुखाशी नांगरलेल्या शिडाच्या बोटीवर गोष्ट सांगणारा खलाशी मार्लो सोबत्यांना सांगतो, की हीसुद्धा एकेकाळी पृथ्वीवरची काळोखी जागा होती. रोमन इथे पहिल्यांदा आले तेव्हाची. मग थेट शेवटचं वाक्य वाचा. तिथेही थेम्सच आहे, आणि तीच अथांग काळोखाकडे वाहते आहे. मधल्या पानांत मजुरांना साखळदंडात जखडणारे आणि घरासमोरच्या खांबांवर मुंडकी लावणारा हस्तिदंत कंपनीचा एजंट कुर्त्झ, हे सगळे युरोपातूनच आलेले. कादंबरी आफ्रिकी माणसांना जवळजवळ बोलूच देत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. ही कादंबरी शिकवताना वर्गात त्यावरही बोलायलाच हवं.